मागचा माणूस

रंगपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी डोंगर चढायचा, हा त्या चौघांचा वर्षानुवर्षांचा नेम. रहाडीतला, म्हणजे नाशकातल्या त्या रंगाच्या हौदातला, रंग कानामागून अजून गेलेला नसायचा, नखं गुलाबी असायची, आणि तशाच अवतारात पहाटे गाडी नाशिक सोडून चांदवडच्या रस्त्याला लागायची. यंदा चौघांचे तिघेच उरले होते. नेम पाळायचा की नाही यावर रहेमान आणि हर्षाली आठवडाभर फोनवर घोळ घालत बसले. शेवटी भीत भीत स्नेहलला विचारलं, तर ती म्हणाली, जाऊ या की, मुकादमला भिकनकडे सोडायला मला तिकडे यायचंच आहे.

मुकादम हा कुत्रा. तांबूस, गावठी, एक कान कायमचा पडलेला. सातपूरच्या कारखान्याबाहेरच्या मोरीत दीपकला सापडला तेव्हा मुठीएवढा होता. डोंगर उतरताना तो सगळ्यांच्या मागे राहायचा आणि रेंगाळणाऱ्याच्या पोटरीला नाक लावून त्याला पुढे हाकायचा, म्हणून नाव मुकादम. हे काम मुळात दीपकचं, कुत्र्याने त्याच्याकडून उचललेलं.

दीपक म्हणजे स्नेहलचा नवरा. गेल्या गणपतीत तो गेला, झोपेतच. सकाळी स्नेहलने चहा आणून ठेवला, हाक मारली, दूध उतू जाऊ नये म्हणून आत जाऊन गॅस बंद केला, परत आली तरी तो तसाच होता. चहावर साय धरली होती. त्या दिवसापासून आजपर्यंत ती रडली नव्हती, आणि त्यामुळे भेटायला येणाऱ्यांची फार पंचाईत व्हायची. नात्यातल्या बायका रुमाल काढून, रडायची जय्यत तयारी करून यायच्या, आणि ही समोर बसून त्यांना चहात साखर किती घालू म्हणून विचारायची. मोकळी हो गं, असं जो तो सांगून जायचा. मोकळं व्हायला आत काहीतरी भरलेलं असावं लागतं, हे या लोकांना कोण सांगणार? स्नेहल आत चाचपून बघायची, पण हाताला काही लागायचं नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिलेला गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तशी ती सगळीच झाली होती. हर्षाली दातांची डॉक्टर. तिला हे सांगितलं, तर तीच रडायला लागली, आणि तिला पाणी आणून द्यायचं काम स्नेहलकडे आलं.

मुलगा सार्थक पुण्याला असतो. बापाचे दिवस, कागदपत्रं, बँका, सगळं त्याने ऑफिसचं काम उरकावं तसं बिनबोभाट उरकलं, आणि मग आईचा विषय हातात घेतला. तिने नाशिकचं घर बंद करून पुण्याला यावं, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं आणि ती हो म्हणाली. त्याची बायको तृप्ती हिला कुत्र्याच्या केसांनी शिंका सुरू होतात, अंगावर गांधी उठतात, त्यात तिचा बिचारीचा काही दोष नाही. तेव्हा मुकादमची सोय करणं आलं. डोंगराच्या पायथ्याला भिकनचं शेत आहे, गाडी दर वर्षी त्याच्याच अंगणात लागते, मुकादम तिथे गेला की वासराबरोबर हुंदडतो. भिकन एका शब्दात हो म्हणाला. सगळे म्हणाले, यापेक्षा चांगली सोय दुसरी नाही.

एक गोष्ट मात्र स्नेहलने कोणाला सांगितली नव्हती. दीपकच्या कारखान्याची बस यायच्या वेळेला मुकादम अजून रोज फाटकाशी जाऊन बसायचा आणि अंधार पडला की उठून यायचा. ते बघून स्नेहलला दुःख होत नसे, राग यायचा. तिला जे जमत नव्हतं ते हे जनावर रोज न चुकता करत होतं. त्याला डोळ्यांसमोरून घालवलं की सुटले, असं तिला वाटत होतं.

भिकनच्या अंगणात उतरले तेव्हा उन्हं नुकतीच वर आली होती. एका बाजूला उन्हाळ कांदा काढून वाळत घातलेला, सगळीकडे त्याचा वास. भिकनची बायको सखुबाई पातीला विळा लावत बसली होती. तिने स्नेहलचा हात हातात घेतला, पण बोलली काही नाही, आणि स्नेहलला तिचं फार बरं वाटलं. भिकनची दोन कुत्री डोंगरावर जाणाऱ्या कोणाहीबरोबर निघतात, तशी निघाली. शिवाय हर्षालीचा लॅब्रेडॉर होता, बटर नावाचा. नावाप्रमाणेच होता. त्याला चार पायऱ्या चढल्या की बसायला लागायचं.

रहेमानचा रोजा होता. देवळाली कॅम्पात त्याचं टायर-बॅटरीचं दुकान आहे, दीपकचा तो शाळेपासूनचा मित्र. रमजानात डोंगर चढू नकोस म्हणून त्याची बायको बिलकिस दोन दिवस त्याच्या कानाशी लागली होती. तो ऐकत नाही म्हटल्यावर तिने, स्वतःचाही रोजा असताना, बाकीच्या दोघींसाठी कबाबचा डबा भरून दिला.

डोंगर ऐन फाल्गुनातला होता. गवत वणव्यात जळून काळं पडलेलं, आणि त्या काळ्या उतारावर पळस नुसता पेटलेला. सावरीच्या फुलांवर पाखरांची भांडणं चाललेली. हर्षाली दर वळणाला थांबून म्हणायची, काय दिसतंय ना? स्नेहल बघायची आणि हो म्हणायची. लाल रंग लाल दिसत होता, त्यापलीकडे काही नाही. पाय आपले चढत होते, दमही लागत होता, तेवढ्यावरून आपण इथे आहोत हे तिला कळत होतं.

मुकादम सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोचला. नकाशात या डोंगराला किल्ला म्हणतात. वर पडका वाडा, पाण्याची टाकी, तुटक्या भिंती असं बरंच काही आहे. ते सगळं त्याने हुंगून काढलं. टाक्याच्या काठी गेला, भिंतीमागे गेला, परत आला, पुन्हा गेला. हर्षालीचे डोळे लगेच भरले. रहेमानने तिला डोळ्यांनीच दटावलं आणि टोपी तोंडावर घेऊन सावलीत आडवा झाला, म्हणजे या दोघींना निवांत खाता यावं. स्नेहलने कबाब खाल्ले. चांगले झाले होते, हे तिला माहीत होतं, कारण बिलकिसचे कबाब चांगलेच होतात.

खाली हायवेवर ट्रक सरकत होते. रहेमान टोपीखालूनच म्हणाला, वहिनी, अजून विचार करा. त्याने मुकादमला दुकानामागे ठेवायची तयारी दाखवली होती, पण तिथल्या दोन कुत्र्यांनी याला पहिल्याच दिवशी रक्तबंबाळ केलं होतं. स्नेहल म्हणाली, विचार झालाय माझा.

उतरायची वेळ झाली तेव्हा खरी गंमत झाली. गंमत म्हणजे, तेव्हा कोणाच्या लक्षातही आली नाही अशी.

उतरताना या मंडळींची एक पद्धत होती. खालच्या अंगाला पडका दरवाजा आहे, त्याच्याखाली पायऱ्या अरुंद आणि घसरड्या. दीपक त्या दरवाजाच्या देवडीवर उभा राहायचा, एकेकाचं नाव घेऊन पुढे सोडायचा, आणि सगळे गेल्यावर मुकादमला घेऊन शेवटी उतरायचा. शेवटचा माणूस तो, त्याच्यामागे कोणी नाही. त्यामुळे बाकीच्यांनी कधी मान वळवून मागे पाहिलंच नव्हतं. मागे कोणी राहिलं असेल ही काळजी त्यांची नव्हतीच. यंदा मागे कोण राहणार, हा प्रश्न तिघांच्याही मनात आला. पण तो विचारायचा म्हणजे दीपकचं नाव घ्यायचं. हर्षालीने स्नेहलकडे पाहून नाव गिळलं, रहेमानने हर्षालीकडे पाहून गिळलं, आणि स्नेहलला वाटलं या दोघांनी काहीतरी ठरवलं असेल. तिघांनी एकमेकांचं मन इतकं जपलं की मागे कोणीच राहिलं नाही.

पुढे हर्षाली. बटरचे पंजे तापल्या दगडावर भाजत होते, म्हणून त्याला उचलून खाली घेण्यात रहेमान गुंतलेला. त्या दोघांमागे स्नेहल, नेहमीसारखी आपण मधेच आहोत अशा समजुतीत. मागे कुत्र्याची पावलं वाजत होती, तेवढ्यावर ती निश्चिंत होती. पायथ्याला आल्यावर हर्षालीने कुत्र्यांसाठी घमेल्यात पाणी ओतलं, तेव्हा कळलं की ती पावलं भिकनच्या कुत्र्याची होती. मुकादम नव्हताच.

हाका मारून झाल्या. रहेमानने दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारल्या. वर काही हललं नाही. हर्षाली स्वतःला दोष देत रडायला लागली आणि बटर तिचं तोंड चाटायला लागला. भिकन मात्र शांत होता. तो स्नेहलला म्हणाला, "वहिनी, ठेवायचाच व्हता ना त्याला? भूक लागली की येईल आपोआप. तुम्ही निघा. तुमच्यामागं धावायचं तरी वाचलं त्याचं."

स्नेहलच्या मनात आलं, बरं झालं. दोर बांधायला नको, मागे वळून बघायला नको. ती गाडीत जाऊन बसली, पट्टासुद्धा लावला. काच खाली होती. बाहेर भिकन हलक्या आवाजात रहेमानशी बोलत होता, ते तिच्या कानावर पडलं. यंदा बिबट्या डोंगराच्या पोटातच राहिलाय, गावातली बरीच कुत्री गेली, आपली कुत्री दिवस मावळायच्या आत दावणीला येतात म्हणून वाचली. याला ते ठाऊक नाय.

ते ऐकून आपल्या छातीत काहीतरी व्हायला हवं, असं स्नेहलला वाटलं. ती वाट बघत बसली. काही झालं नाही. मग तिने पट्टा सोडला आणि खाली उतरली. गेल्या गणपतीपासून तिने सगळी कामं अशीच केली होती, करायची असतात म्हणून. मी घेऊन येते त्याला, ती म्हणाली. भिकनने कांद्याच्या पोत्यांवरून काठी उचलली, पण व्यापाऱ्याची गाडी त्याच वेळी अंगणात शिरली आणि त्याला थांबावं लागलं. रहेमान तोवर चालू लागला होता. स्नेहल त्याच्यावर चिडली. अख्खा दिवस घोटभर पाणी नाही पोटात, आणि हा निघाला दुसऱ्यांदा डोंगर चढायला. तो म्हणाला, चिडा, पण चालत चालत चिडा, दिवस बुडायच्या आत खाली यायचंय.

अरुंद पायऱ्यांच्या पायथ्याशी पोचल्यावर मात्र त्याच्या पायांत गोळे आले. तो एका धोंड्यावर टेकला. ओठ पांढरे पडले होते. वर बोट करून त्याने दाखवलं. दरवाजाच्या देवडीवर मुकादम बसला होता, त्यांच्याकडे पाठ करून. तोंड वरच्या वाटेकडे.

"तो मागच्या माणसासाठी थांबलाय, वहिनी," रहेमान म्हणाला. "वर जा, त्याच्या पलीकडून फिरून खाली या. शेवटचे तुम्ही आलात असं वाटलं की उठेल."

स्नेहल वर गेली. हाक मारली, तर मुकादमचा धड कान तेवढा हलला. पट्ट्याला धरून ओढलं, तर त्याने पाय रोवले. मग ती त्याला ओलांडून दरवाजातून वर गेली, वळणाआड थोडी थांबली, आणि वाळकी पानं मुद्दाम तुडवत खाली आली. दीपक उतरताना म्हणायचा तसं, चला, चला, हला पुढं, असंही म्हणाली. मुकादम पाहुणा आल्यासारखा उठला, शेपटी एकदा हलवली, तिचा हात हुंगला. मग तिच्या बाजूने मान काढून पुन्हा वाटेकडे बघायला लागला आणि खाली बसला. नक्कल त्याने क्षणात ओळखली होती.

तिला त्याचा भयंकर राग आला. खाली तो बिचारा रोजाने अर्धमेला होऊन बसलाय, दिवस कलतोय, बिबट्या कुठल्या कपारीत असेल कोण जाणे, आणि हा ढिम्म. तिने दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून आपल्याकडे वळवलं.

"तो नाहीये मागे," ती म्हणाली. "कोणी नाहीये. माझ्या मागे कोणी नाही, मुकादम. दीपक येणार नाही."

हे वाक्य तिने कोणापाशीही उच्चारलं नव्हतं. दीपक गेला, हे तिने शंभर ठिकाणी सांगितलं होतं. बँकेत, गॅसच्या ऑफिसात, दूधवाल्याला, त्याच्या सह्या लागणाऱ्या प्रत्येक टेबलाशी. गेला, असं म्हणताना कसं, माणूस कुठेतरी गेलेला असतो. येणार नाही, हे निराळं. ते तिच्या तोंडून निघालं आणि तिच्याच कानात शिरलं. कुत्र्याला ते कळायचं काही कारण नव्हतं. त्याने तोंड सोडवून घेतलं आणि पुन्हा वाटेकडे पाहिलं.

आणि स्नेहलला दुखलं. आधी कुठे ते कळलं नाही. मग पोटातून वर आलं. तिला वाटलं उलटी होणार, म्हणून तिने भिंतीला हात टेकला, पण ते रडणं होतं. किती महिन्यांचं साचलेलं, घाणेरडं, नाकातोंडातून येणारं. ती देवडीवरच बसली आणि तिने मोठ्याने गळा काढला. खालून रहेमानने हाक मारली, पण तो आला नाही. त्याला कळलं असावं.

मुकादमने मान वळवली. घरात हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, एकदा वाटेकडे पाहिलं, मग उठला आणि तिच्याजवळ आला. त्याने तिच्या मांडीवर डोकं वगैरे ठेवलं नाही, तसला तो कुत्राच नव्हता. तिच्या पोटरीला नाक लावून त्याने तिला ढकललं. ती उठली नाही म्हणून आणखी जोराने ढकललं. रेंगाळणाऱ्याला हाकायचा, तसंच.

ती उठली. रडत रडत, भिंत धरून पायऱ्या उतरायला लागली. तो तिच्या मागे राहिला, पायरीपायरीला. रहेमानपाशी आल्यावर तिने त्याला हात देऊन उठवलं, तेव्हा त्याचेही डोळे लाल होते. तिचं रडणं काही थांबत नव्हतं, आणि थांबावं असं तिला वाटतही नव्हतं.

खाली पोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. भिकनने खुंटीला नवा दोर बांधून ठेवला होता, सखुबाईने शिळी भाकरी दुधात कुस्करून आणली. हर्षाली मुकादमच्या गळ्यात पडली. स्नेहलने दोराकडे पाहिलं.

"नाही ठेवत, भिकनभाऊ. इथं राहिला तर रोज वर जाऊन बसेल. एखाद्या दिवशी परत येणार नाही."

भिकनने खुंटीचा दोर सोडून गुंडाळला आणि कांदा साठवायच्या चाळीच्या दांडीला अडकवला. मुकादमने तोवर भाकरी फस्त केली होती. थोड्या वेळाने दिवस पुरता बुडाला, रहेमानने बाजेवर बसून बिलकिसने बांधून दिलेला खजूर तोंडात टाकला, आणि सखुबाई त्याच्यापुढे पाण्याचा दुसरा तांब्या घेऊन उभी राहिली.

गावात रेंज फक्त कांद्याच्या चाळीपाशी येते. तिथे उभं राहून स्नेहलने सार्थकला फोन लावला. तो लगेच बोलायलाच लागला. सामानाच्या टेम्पोचं ठरवलंय, सोसायटीत तिच्या नावाची नोंद झाली आहे, मुकादमला नीट सोडलंस ना. ती म्हणाली, सोडला नाही, तो माझ्याजवळ राहील, तृप्तीला त्रास नको म्हणून मी इकडेच राहीन, टेम्पो नको म्हणून सांग. सार्थक समजावायला लागला. एकटी कशी राहशील, रात्रीबेरात्री काही झालं तर, आपण सगळं बोललो होतो ना आई. बोलता बोलता तो मधेच थांबला.

"आई, तू रडतेयस?"

"हो," ती म्हणाली. "मघापासून रडतेय. थांबतच नाही. तू ठेव फोन, तुझी कामं असतील."

मग सार्थकचा आवाज आला, आणि तो ऑफिसातला आवाज नव्हता.

"तू रड, आई," तो म्हणाला. "मी फोन ठेवत नाही."

ती चाळीला टेकून उभी राहिली. गाडीपाशी हर्षाली बटरला आत चढवत होती. फोन कानाला तसाच होता, आणि पलीकडे आपला मुलगा हुंदका दाबतोय, हे तिला स्पष्ट ऐकू येत होतं.